कशाला जायचं तिथं?

मुलगा पायात चपला सरकवून दाराबाहेर पडायला लागला की आतून आवाज येतो, "कुठं निघालास रे?" मुलगी निघाली की विचारतात, "कशाला?" वरवर पाहिलं तर दोन्ही चौकशाच. पण मुलाने नुसतं ठिकाण सांगितलं तरी भागतं. मुलीला कारण द्यावं लागतं, आणि ते घरच्यांना पटावंही लागतं. क्लास, परीक्षा, देवदर्शन, लग्नकार्य, कुणाचं तरी आजारपण ही झाली चालणारी कारणं. "मला जावंसं वाटतं" हे आपल्याकडे कारणात धरतच नाहीत.

हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी एका कड्याला लोंबकळताना कळलं. हसू नका मैत्रिणींनो, खरंच सांगतेय.

झालं असं, की आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीची मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. पुण्याच्या एका गिर्यारोहण संस्थेने त्यांच्या कॉलेजात दोन दिवसांचं शिबिर घेतलं. गावाबाहेरच्या टेकडीवरच्या कातळावर मुलामुलींना दोर बांधून चढवलं. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारी ही पोर त्या कातळावर सरसर चढली म्हणे. मग तिच्या डोक्याने घेतलं, संस्थेबरोबर लिंगाण्याला जायचं. वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "कशाला?" पोरीला उत्तर देता येईना. ती रडली, जेवली नाही, आणि तिची आई माझ्याकडे आली. आमच्याकडे असं काही झालं की मला बोलावतात. वीस वर्षं गटाचं काम करतेय, चार घरांत माझा शब्द मानतात.

मी गेले आणि त्या पोरीच्या वडिलांना म्हणाले, "अहो भाऊ, पोलीस भरतीला उपयोग होईल तिला. दमसास वाढतो, भीड चेपते." हे माझ्या तोंडून इतकं सहज गेलं की मलाच नवल वाटलं. पोरीने भरतीचा विचारही केला नव्हता. पण वडिलांचा चेहरा लगेच निवळला. "मग हरकत नाही. पण तुम्ही सोबत असाल तर."

आता माझ्या घरात प्रश्न आला. सासूबाई म्हणाल्या, "या वयात कसल्या माकडचेष्टा?" मी म्हटलं, "आई, त्या पोरीच्या सोबतीला जातेय. तिच्या आईवडिलांनी विश्वासाने सोपवलीय." झालं, परवानगी मिळाली. वर त्यांनी मेथीचे लाडूही बांधून दिले. मी दोन दिवसांच्या चपात्या लाटून ठेवल्या, भाजीचे डबे फ्रीजमध्ये लावले, दूधवाल्याला निरोप दिला आणि निघाले. ही गोष्ट 2023 च्या जानेवारीतली.

लिंगाणा म्हणजे रायगड आणि तोरणा यांच्या मध्ये एकटाच उभा असलेला सुळका. शिवकाळात इथे कैदी ठेवत असत. कड्याच्या पोटात खोदलेली गुहा आहे, पाण्याची टाकी आहेत. जुन्या पायऱ्या आता तुटल्यात, त्यामुळे दोराशिवाय जाणं धोक्याचं. जाणकारांच्या हिशेबी ही चढाई मध्यम अवघड. फार कसरतीची नाही, पण हात सुटला तर दोन्ही बाजूंना दरीच दरी.

खरं तर मी खाली मोहरी गावात बसून राहणार होते. पण संस्थेची जी मुख्य होती, तिशीतली एक ताई, ती फोनवर म्हणाली, "काकू, इतक्या लांब येऊन खाली बसणार? सराव करा, मग ठरवू." मग सहा आठवडे मी पहाटे देवीच्या टेकडीच्या पायऱ्या चढले-उतरले. बायकांना वाटलं, नवस बोललाय. मी वाटू दिलं. पाहा, तिथेही मला कारण आयतंच मिळालं! दोन रविवार टेकडीवरच्या कातळावर दोर बांधून सराव केला. हार्नेस म्हणजे कमरेला आणि मांड्यांना घालायचा पट्ट्यांचा पट्टा. तो पहिल्यांदा चढवला तेव्हा लाजून मेल्यासारखं झालं. दुसऱ्यांदा काहीच वाटलं नाही.

मोहरीत मुक्कामाला पोचलो त्या रात्री ताईने आम्हा सहा बायका-मुलींना बाजूला घेतलं. तिने जे सांगितलं ते मी मुद्दाम इथे लिहिते, कारण असं कुणी उघड सांगत नाही. अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढून ठेवा. अंगठी खडकात अडकली तर बोट जायबंदी होतं. ओढणी नको. केस घट्ट बांधा, नाहीतर उतरताना दोराच्या कडीत ओढले जातात. (माझं मंगळसूत्र मी आत घालून चिकटपट्टीने बसवलं. काढायचा धीर तेव्हा झाला नाही.) अत्तर, सुगंधी तेल लावू नका, कड्यावर आरडाओरडा करू नका, आग्या मोहोळ असतं. आणि लघवीला जावं लागेल म्हणून पाणी कमी पिऊ नका, कड्यावर चक्कर येणं त्याहून वाईट. चढाई सुरू होण्याआधी आडोशाला जाऊन या. पाळी असेल तर सांगा, लाजू नका. वापरलेलं पॅड पिशवीत घालून परत आणायचं. आपल्या किती बायका प्रवासात दिवसभर घोटभर पाण्यावर काढतात, ते मला त्या वेळी आठवलं.

पहाटे कपाळाला विजेऱ्या बांधून निघालो. बोराट्याची नाळ म्हणून मोठमोठ्या दगडधोंड्यांनी भरलेली घळ आहे, ती उतरून आडवं गेलं की लिंगाण्याच्या खिंडीत पोचतो. तिथून कडा सुरू.

आता हे चढतात कसं, ते थोडक्यात सांगते. दोर असतो पन्नास-साठ मीटरचा आणि कडा त्याहून कितीतरी उंच. म्हणून चढाईचे टप्पे पाडतात. पहिला माणूस दोराचं टोक हार्नेसला बांधून वर निघतो. वाटेत कातळात पक्के बसवलेले बोल्ट असतात. त्यांत कडी अडकवायची, कडीतून आपला दोर ओवायचा आणि पुढे सरकायचं. खाली दुसरा माणूस तो दोर धरून असतो. याला 'बिले देणं' म्हणतात. वरचा सुटला, तर शेवटच्या कडीच्या जितका वर असेल तितकाच तिच्या खाली येतो, आणि दोराच्या ताणाचं आणखी थोडं. तेही खालच्याने दोर अडवला तर. वरचा टप्प्याच्या माथ्यावर पोचला की आधी स्वतःला पक्कं बांधून घेतो, मग वरून दोर ओढत खालच्याला वर आणतो. म्हणजे आतापर्यंत ज्याने दोर धरला तो चढतो, आणि जो चढला तो दोर धरतो. पुढच्या टप्प्याला पुन्हा तेच. दोघं तयारीचे असतील तर पुढे जाण्याची पाळीही बदलतात.

आमच्या दोरावर पुढे ताई होती. तिच्यानंतर एक तरुण मुलगा, मग मी, मग आमची पोर. पहिले दोन टप्पे निभावले. हा आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर. म्हणून त्याला पायऱ्यांसारखे टप्पे मिळतात, बोटं रुतवायला खोबणी मिळतात. पण मधूनमधून भुसभुशीत घसारा असतो, आणि हातात आलेला दगड हातातच राहतो. वरून कुणी "दगड!" म्हणून ओरडलं की मान वर करायची नाही, भिंतीला चिकटायचं. हेल्मेट असतं ते यासाठी.

तिसऱ्या टप्प्यावर माझी गाडी अडली. डावा पाय टेकवायला खाच होती, पण ती गुडघ्याच्या वर. उजवा पाय उचलायचा तर भरवसा कशावर ठेवायचा? मी खाली पाहिलं. पाहायला नको होतं. पायांखाली नुसती हवा, आणि पार खोल कोकणातली शेतं. माझा गुडघा शिवणयंत्राच्या सुईसारखा थडथडायला लागला. तोंडाला कोरड पडली. मनात पहिला विचार काय आला सांगू? "मी इथं कशाला आले?"

दुसऱ्या कुणीही विचारलं नव्हतं. मीच मला विचारत होते. आणि माझ्याकडे उत्तर होतं, पाठ केलेलं. पोरीच्या सोबतीला. पण पोर तर खाली निवांत उभी होती, माझी वाट पाहत. तिला माझ्या सोबतीची काडीइतकी गरज नव्हती. उलट तीच खालून सांगत होती, "काकू, पायावर भार द्या, हाताने ओढू नका. टाच खाली." वरून ताईचा आवाज आला, "काकू, मी धरलंय. घाई नाही."

मी श्वास घेतला, टाच खाली दाबली आणि पाय उचलला. पाय बसला. मग दुसरा हात, मग दुसरा पाय. ताईच्या शेजारी पोचले तेव्हा मी रडत होते आणि हसतही होते. तेव्हा कबूल केलं स्वतःशी, की मी सोबतीला वगैरे आलेली नाही. टेकडीच्या पायऱ्या सहा आठवडे चढले त्या काय सोबतीसाठी? मला हे करून बघायचं होतं. बस्स, इतकंच.

पुढे गुहा लागली. तिथे बसून आम्ही सासूबाईंचे लाडू खाल्ले. त्यानंतर एक छोटा सोपा टप्पा होता. तिथे ताईने दोर माझ्या हातात दिला. "काकू, आता तुम्ही बिले द्या. तुमच्या पोरीला वर घ्या." माझ्या मागे तो मुलगा दोराचं शेपूट धरून होता, चूक होऊ नये म्हणून. तरी दोर माझ्या हातातून जात होता. ती पाऊल उचलायची तसा दोर सैल व्हायचा आणि मी तो ओढून घ्यायचे. सगळं लक्ष तिच्यावर.

हे काम मला अजिबात नवीन वाटलं नाही. आपण बायका जन्मभर दुसरं काय करतो? नवऱ्याची बदली, मुलाची बारावी, दिराचा धंदा, सासऱ्यांचं आजारपण. सगळे चढत असतात आणि आपण खाली दोर धरून. त्याचं मला वाईट वाटत नाही. दोर धरणाराशिवाय कुणी चढत नाही, आणि ते कमीपणाचं काम तर नाहीच. पण कड्यावर एक नियम आहे. टप्पा संपला की दोर धरणाऱ्याची चढायची पाळी येते, आणि वरचा त्याचा दोर धरतो. घरात ही पाळी येतच नाही. टप्पे एकामागून एक संपतात, आणि खालची खालीच राहते. कुणी मुद्दाम ठेवत नाही. आपणही मागत नाही, ही त्यातली खरी गोष्ट.

माथ्यावर पोचलो. जागा लहानशी. समोर रायगड इतका जवळ, की जगदीश्वराचं देऊळ ओळखू येतं. मागे रायलिंगचं पठार, तोरणा, राजगड. आमची पोर म्हणाली, "काकू, हिरकणीचा बुरूज कुठला?" तो इथून दिसत नाही, रायगडाच्या पश्चिमेला आहे, पलीकडच्या अंगाला. पण हिरकणी डोक्यात राहिली.

हिरकणीची कथा आपण सगळ्या लहानपणापासून ऐकतो. दूध घालायला गडावर गेलेली गवळण. दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून रात्रीच्या काळोखात ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिथे बुरूज बांधला, असं सांगतात. मला त्या माऊलीबद्दल आदरच आहे. पण एक विचार केलात का? बाळासाठी कडा उतरली म्हणून ती हिरकणी. समजा ती म्हणाली असती, "मला उतरून बघायचं होतं," तर? बुरूज राहिला बाजूला, चार शब्द ऐकून घ्यावे लागले असते.

जगात जिने पहिल्यांदा एव्हरेस्टवर पाऊल ठेवलं त्या जपानच्या जुन्को ताबेई बाईंनाही हे चुकलं नाही. त्यांनी 1969 मध्ये बायकांचा गिर्यारोहण क्लब काढला. मोहिमेसाठी पैसे मागायला गेल्या तर ऐकावं लागलं, की त्यापेक्षा मुलं सांभाळा. 1975 मध्ये त्या माथ्यावर पोचल्या तेव्हा घरी लहान मुलगी होती. आपल्याकडे 1984 मध्ये बचेंद्री पाल गेल्या. आणि जमशेदपूरच्या प्रेमलता अग्रवाल, दोन मुलींच्या आई, घर सांभाळणाऱ्या, पस्तिशी उलटल्यावर या वाटेला लागल्या आणि 2011 मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एव्हरेस्ट चढल्या. आपण सगळ्यांनी एव्हरेस्टवर जावं असं मी म्हणत नाही. माझ्याने तर लिंगाणाच कसाबसा झाला. पण "या वयात?" म्हणणाऱ्यांना सांगायला हे एक नाव लक्षात ठेवावं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे येते.

पोरीने मनावर घेतलं. दोन वर्षांत चार सुळके झाले, पुढे जायला शिकली. 2024 च्या पोलीस भरतीत उतरली, कारण मी तिच्या वडिलांना तसं सांगून ठेवलं होतं ना! उंचीत ती थोडक्यासाठी बाद झाली. घरी आली तेव्हा वडिलांनी शांतपणे सांगितलं, "भरती झाली नाही. आता ते कडेबिडे पुरे." त्यांचं काय चुकलं? मीच तर तो सौदा ठरवला होता. उपयोगासाठी दिलेली परवानगी उपयोग संपल्यावर परत घेतात. तिचे बूट माळ्यावर गेले.

आपण सामाजिक काम करणाऱ्या बायका हे नेहमी करतो. मुलीला शिकू द्या, कारण शिकलेली आई घर सुधारते. सायकल द्या, म्हणजे शाळा बुडणार नाही. गटात येऊ द्या, घरात चार पैसे येतील. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यांनी दारं उघडतात, हे मी वीस वर्षं पाहतेय. पण प्रत्येक दार दुसऱ्या कुणाच्या तरी फायद्याच्या किल्लीने उघडत राहिलो, तर मुलीची स्वतःची इच्छा ही किल्ली कधी घडणारच नाही. मुलाला क्रिकेट आवडतं म्हणून त्याला बॅट मिळते. ती देताना कुणी विचारत नाही, की याचा भरतीला उपयोग काय.

म्हणजे मुलींना वाटेल तिथे, वाटेल तसं जाऊ द्या, असं मी म्हणत नाहीये. कडा खोटं खपवून घेत नाही. अपघात होतात, आणि उतरतानाही होतात, कारण माथा गाठल्यावर माणूस सैल पडतो. उतरायच्या दोराच्या टोकाला गाठ मारायची राहिली तर माणूस दोराबाहेर निसटतो. आमच्या ताईने प्रत्येकाची गाठ, प्रत्येकाची कडी दोनदा तपासली. कंटाळा येईपर्यंत तपासली. 2021 मध्ये राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात आयोजकांची नोंदणी आहे. म्हणून आईबापांनी चौकशी करावी, जरूर करावी. संस्था नोंदणीकृत आहे का? पुढे चढणारा किती वर्षं चढतोय? किती मुलांमागे किती जाणते? दोर किती जुना? हेल्मेट प्रत्येकाला आहे का? बाईमाणूस कुणी सोबत आहे का? पावसाळ्यात तर नेत नाहीत ना? हे सगळे 'कसं' आणि 'कुणाबरोबर' चे प्रश्न झाले. त्यांची उत्तरं मिळतात, आणि ती मिळाली की पोर सुखरूप घरी येते. 'कशाला'चं उत्तर मिळून कुणाचीही गाठ पक्की होत नाही.

मागच्या महिन्यात मी त्यांच्या घरी पुन्हा गेले. चहा झाला. मी म्हटलं, "भाऊ, तेव्हा मी खोटं बोलले होते. भरतीचं काही नव्हतं. तुमच्या पोरीला चढायला आवडतं, म्हणून तिला जायचं होतं. आताही तेवढंच कारण आहे."

ते काही बोलले नाहीत. बशीतला चहा निवत राहिला. आतून तिची आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मला पोहायला शिकायचं होतं. विहिरीवर भाऊ शिकले सगळे. मला म्हणाले, तुला कशाला?" लग्नाला पंचवीस वर्षं झाली. नवऱ्याने हे पहिल्यांदा ऐकलं असावं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माळ्याकडे पाहिलं.

बराच वेळाने मला विचारलं, "तिथं हेल्मेट देतात ना हो सगळ्यांना?"

मी म्हटलं, "देतात. पण आपण विचारून घ्यायचं."